कातडं सोपं, धातू अवघड

भरताच्या नाट्यशास्त्रात वाद्यांचे चार वर्ग सांगितले आहेत: तत, सुषिर, अवनद्ध आणि घन. तारांची, फुंकरीची, कातड्याने मढवलेली आणि आघाताने वाजणारी भरीव, म्हणजे मुख्यतः धातूची. विजेवर ठेका धरणाऱ्या यंत्राचा, ड्रम मशीनचा, इतिहास सांगायला यातले शेवटचे दोन वर्ग पुरतात. कातड्याचा आवाज काढणं विजेच्या सर्किटला पहिल्यापासून सोपं गेलं. धातूने मात्र भल्याभल्या इंजिनिअरांना घाम फोडला. झांजेचा झणत्कार सर्किटातून काढायचा कसा, या एका प्रश्नाने या यंत्रांची घडण पुन्हा पुन्हा बदलली आणि त्यांच्या आवाजात आकडेमोड शिरली ती मुख्यतः त्याच्यापायी.

मी पुण्यात पॉलिटेक्निकला इलेक्ट्रॉनिक्स शिकवलं. बाबा ऑर्केस्ट्रात बोंगो आणि ढोलकी वाजवायचे, त्यामुळे तालाची यंत्रं आमच्या घरी येत-जात असत. ती उघडून बघण्याची सवय तेव्हा लागली, ती आजही आहे. हल्ली माझ्याकडे येणारी मुलं अ‍ॅनालॉग ड्रम मशीन स्वतः बांधतात आणि त्यातले काही आवाज मायक्रोकंट्रोलरमधून काढतात. त्यावर जाणकार म्हणवणारे नाक मुरडतात. त्यांच्या मते असं केलं की यंत्र ‘शुद्ध अ‍ॅनालॉग’ उरत नाही. हा शुद्धतेचा आग्रह इतिहासाला धरून नाही, असं माझं ठाम मत आहे, आणि ते का, हे सांगण्यासाठीच हा लेख आहे.

सुरुवात चक्रांपासून झाली. १९३१ साली अमेरिकेत संगीतकार हेन्री कॉवेल यांच्यासाठी लिऑन थेरेमिन यांनी ‘रिदमिकॉन’ बांधलं. त्यात भोकं पाडलेल्या फिरत्या तबकड्यांतून प्रकाश जाई आणि फोटोसेलवर पडून त्याचे ठोके होत. एकाच वेळी अनेक पटींच्या लयी त्यातून निघत. ते यंत्र प्रयोगापुरतंच राहिलं. बाजारात खऱ्या अर्थाने आलं ते वुर्लित्झर कंपनीचं ‘साइडमॅन’, १९५९ साली. लाकडी कपाटासारखी पेटी, आत मोटरवर फिरणारी चकती, चकतीवर धातूचे संपर्क आणि त्यांच्या इशाऱ्यावर आवाज काढणारे व्हॉल्व्ह. चकतीचा वेग वाढवला की लय वाढे. वॉल्ट्झ, फॉक्सट्रॉट, टँगो असे ठेके त्यात आधीच बसवलेले होते. वाजवणाऱ्याने फक्त निवडायचं.

हे साइडमॅन टोकियोच्या शिंजुकू भागातल्या एका क्लबात पोचलं. तदाशी ओसानाई हा अ‍ॅकॉर्डियनवादक त्याच्या साथीने वाजवायचा. यंत्र त्याला पसंत नव्हतं, याहून चांगलं आपण बनवू अशी त्याची खात्री होती, आणि क्लबचे चालक त्सुतोमू कातो यांनी त्याला पैसा पुरवला. १९६३ साली त्यांचं ‘डोंकामॅटिक’ बाजारात आलं. त्यांच्या कंपनीचं पुढे कोर्ग हे नाव जगभर झालं. वाजवणाऱ्याच्या तक्रारीतून उभा राहिलेला हा उद्योग आहे, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

दुसरा माणूस ओसाकाचा, इकुतारो काकेहाशी. तरुणपणी त्यांनी घड्याळदुरुस्तीचं दुकान घातलं, मग रेडिओ दुरुस्त करू लागले आणि तिथून वाद्यांकडे वळले. १९६७ साली त्यांच्या एस टोन कंपनीने ‘रिदम एस एफआर-१’ आणलं. यात फिरती चकती गेली आणि तिच्या जागी डायोडची जाळी आली. कोणत्या मात्रेवर कोणता आवाज वाजायचा, हे त्या जाळीत पक्कं केलेलं. एका मोजणीच्या सर्किटने मात्रा मोजायच्या आणि डायोडांनी ठोके वाटायचे. हॅमंड कंपनीने आपल्या ऑर्गनसाठी हे यंत्र घेतलं आणि ठेक्याची पेटी घरोघरच्या ऑर्गनमध्ये शिरली.

या घराण्यातली एक जपानी पेटी बाबांच्या ऑर्केस्ट्रातल्या ऑर्गनवाल्याकडे होती. बटणांवर रुंबा, बोसानोव्हा, वॉल्ट्झ अशी नावं. केरवा नाही, दादरा नाही. पण वादकांना वाट काढायची सवय असते. दादऱ्याच्या गाण्याला वॉल्ट्झ लावायचा आणि वर ढोलकीने दादऱ्याचं वजन द्यायचं. त्या पेटीत दोन बटणं एकदम दाबता येत, मग दोन ठेके एकमेकांत मिसळून तिसराच काहीतरी निघे. एखादा आवाज बंद करायचीही सोय होती. बाबा त्यातली झांज हमखास बंद करायला लावत. “बाकी चालेल, ती स्स्स-स्स्स नको,” म्हणत. त्या स्स्सचं कारण मला पुढे शिकताना कळलं.

कातड्याचा आवाज सोपा का, ते आधी बघू. ढोलावर थाप पडली की कातडं थरथरतं, एक खालचा स्वर मोठ्याने उमटतो आणि विरून जातो. वरचे स्वरांश असतात, पण ते लवकर मरतात. नुसत्या गोल कातड्याचे स्वरांश मूळ स्वराच्या १.५९ पट, २.१४ पट अशा आडवळणाच्या प्रमाणात असतात. तबल्याच्या आणि मृदंगाच्या शाईमुळे ते दुप्पट, तिप्पट अशा सुरेल प्रमाणात येतात, हे सी. व्ही. रामन यांनी १९२० साली सहकाऱ्यासोबत ‘नेचर’मध्ये मांडलं होतं. बास ड्रमसाठी इतक्या बारकाव्याची गरजही नाही. विरत जाणारा एकच शुद्ध स्वर काढता आला की काम भागतं.

आणि असा स्वर काढणारं सर्किट मूठभर सुट्या भागांचं आहे. एक ओपॅम्प, त्याभोवती दोन कपॅसिटर आणि काही रेझिस्टर अशा रीतीने जोडायचे, की ते सर्किट आपण होऊन वाजू लागण्याच्या अगदी उंबरठ्यावर राहील, पण वाजणार नाही. याला ब्रिज्ड-टी म्हणतात. त्याला विजेचा एक बारीक धक्का दिला की ते घुमतं आणि हळूहळू शांत होतं. टीआर-८०८ या ड्रम मशीनचा, ज्याच्याकडे पुढे येतेच, तो प्रसिद्ध बास ड्रम असाच निघतो, सुमारे ५० हर्ट्झला. ऑसिलोस्कोपवर बघितलं तर वर-खाली जाणारी, लहान लहान होत जाणारी लाट दिसते. ढोलाच्या कातड्याचं जे होतं, तेच कपॅसिटरमधल्या विजेचं होतं. तिथे नक्कल करावी लागत नाही, कारण दोन्हींचा निसर्गनियम एकच आहे.

धातूचं तसं नाही. झांज वाजली की तिच्या पत्र्यात शेकडो कंपनं एकदम सुरू होतात. त्यांच्यात कसलंही साधं प्रमाण नसतं. शिवाय ती एकमेकांत मिसळतात, ऊर्जा खालून वर सरकत जाते आणि आघातानंतर क्षणभराने आवाज अधिक झगझगीत होतो. एका घुमणाऱ्या सर्किटाने हे होणं शक्य नाही, शेकडो सर्किटं परवडणारी नाहीत. म्हणून जुन्या पेट्यांनी सोपी वाट धरली. ट्रान्झिस्टरचा सांधा उलटा जोडून त्यावर पुरेसा दाब दिला की त्यातून एकसारखी खरखर निघते. ती वाढवायची, तिच्यातला खालचा भाग गाळून टाकायचा आणि क्षणभर उघडून मिटायची. बाबांना नको असलेली स्स्स ती हीच. त्यात सगळे स्वर सारखेच असतात, त्यामुळे कोणताच ठळक होत नाही. वाऱ्याचा आवाज मिळतो, धातूचा मिळत नाही.

काकेहाशींनी १९७२ साली रोलंड ही कंपनी काढली. १९७८ साली तिने सीआर-७८ आणलं, त्यात मायक्रोप्रोसेसर होता. वाजवणाऱ्याला आपला ठेका स्वतः भरून साठवता येऊ लागला. म्हणजे ‘अ‍ॅनालॉग’ म्हणून आज ज्या यंत्रांची पूजा होते, त्यांच्यात आकडेमोड करणारी चिप १९७८ पासून आहे. तिचं काम फक्त वेळ मोजणं आणि ठोका देणं एवढंच होतं. आवाज सर्किटाचे, काळ चिपचा. ही वाटणी लक्षात ठेवण्यासारखी आहे.

मग १९८० साली टीआर-८०८ आलं. त्याच्या मेंदूला एनईसीची ४ बिटांची चिप होती. तिच्याकडून साधारण एक मिलिसेकंदाचा ठोका निघायचा आणि अ‍ॅक्सेंट असेल तिथे त्याची उंची वाढायची. तो ठोका जाऊन आवाजाच्या सर्किटला हलवायचा. मुख्य इंजिनिअर तदाओ किकुमोतो होते. झांजेसाठी रोलंडच्या लोकांनी जे केलं, ते मला आजही थक्क करतं. त्यांनी खरखरीचा नाद सोडला आणि सहा चौकोनी लाटा एकत्र केल्या. प्रत्येकीची वारंवारता वेगळी आणि एकमेकींशी मुद्दाम न जमणारी. सगळ्यात खालची सुमारे २०५ हर्ट्झला, सगळ्यात वरची ८०० ला. चौकोनी लाटेत मुळातच पुष्कळ स्वरांश असतात. अशा सहा एकत्र आल्या की वरच्या भागात बेसूर स्वरांशांची दाटी होते. मग ३,४०० आणि ७,१०० हर्ट्झच्या आसपासचे दोन पट्टे गाळून घ्यायचे, खालचं सगळं सोडून द्यायचं. उरतो तो किणकिणता, दाट झणत्कार. त्याच सहांपैकी दोन, ५४० आणि ८०० हर्ट्झच्या, वेगळ्या काढल्या की काऊबेल. हाय-हॅट (पायाने मिटणारी झांजांची जोडी), सिंबल आणि काऊबेल ही तिन्ही घन वाद्यं या एकाच सामाईक खजिन्यातून निघतात.

या झणत्काराच्या जन्माची एक आठवण डॉन लुईस यांनी सांगितलेली आहे. हे अमेरिकी वादक रोलंडबरोबर काम करत. आवाजाची सर्किटं करणारे नाकामुरा यांचा एकदा सर्किटच्या कच्च्या मांडणीला धक्का लागून तिच्यावर चहा सांडला. चालू केल्यावर तिच्यातून ‘प्श्श’ असा आवाज आला, आणि तो पुन्हा कसा काढायचा हे शोधण्यात महिने गेले. तोच ८०८ चा क्रॅश सिंबल झाला, असं लुईस सांगत. यात काही अघटित आहे असं मला वाटत नाही. चहाने नको तिथे वाटा जोडल्या असतील आणि ज्या लाटा एरवी वेगळ्या राहत, त्या मिसळल्या असतील. सांडणं योगायोगाचं असेल, पण आवाज ओळखून महिनोन्महिने त्याचा माग काढणं ही साधना आहे.

८०८ मधल्या खरखरीची कथा याच्या उलटी आहे. टाळीचा आणि स्नेअरचा आवाज अजूनही ट्रान्झिस्टरच्या खरखरीवर होता. त्यासाठी लागणारे ट्रान्झिस्टर म्हणजे कारखान्याने नापास केलेले, त्यातूनही निवडून घेतलेले. पुढे ट्रान्झिस्टर बनवण्याची कला इतकी सुधारली, की तसा सदोष माल मिळेनासा झाला, आणि ८०८ थांबवण्यामागे ते कारण होतं, असं काकेहाशींनी स्वतः सांगितलं आहे. १९८३ पर्यंत साधारण १२,००० यंत्रं निघाली. दोषावर उभा केलेला आवाज दोष संपला की बंद पडतो, हा धडा माझ्यासारख्या दुरुस्ती करणाऱ्या बाईला विसरता येत नाही. जुन्या यंत्रातली खरखर मेली की त्याच्या जोडीचा भाग मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला शोधा नाही तर पुण्याच्या तपकीर गल्लीत, नग मिळतो, नंबर तोच असतो, पण खरखर तशी निघत नाही.

त्याच १९८० साली अमेरिकेत रॉजर लिन यांनी एलएम-१ आणलं. त्यांनी खऱ्या ड्रमचे आवाज ध्वनिमुद्रित करून चिपमध्ये साठवले. किंमत ५,००० डॉलरच्या घरात, ८०८ च्या चौपट. आणि त्यात एक गोष्ट नव्हती: सिंबल. हाय-हॅट होता, पण क्रॅश नाही, राइड नाही. कारण साधं होतं. झांज बराच वेळ वाजत राहते आणि मेमरी महाग होती. ८ बिटांनी, सेकंदाला २८,००० नमुने या हिशेबाने एका सेकंदाला २८,००० बाइट लागतात. त्या काळी सर्रास मिळणारी २७१६ ही मेमरी चिप २ किलोबाइटची. म्हणजे एका सेकंदाच्या झांजेला १४ चिपा. तिचा पूर्ण निनाद हवा असेल तर त्याच्याही कितीतरी पट. इथेही कातडं आत आलं आणि धातू दाराबाहेर राहिला.

तोडगा १९८३ साली निघाला, रोलंडच्या टीआर-९०९ मध्ये. बास ड्रम, स्नेअर आणि टॉम हे सर्किटातून. हाय-हॅट, क्रॅश आणि राइड हे साठवलेले, तेही फक्त ६ बिटांत, म्हणजे उंचीच्या ६४ पायऱ्यांत. अत्सुशी होशियाई या इंजिनिअरने आपल्याकडच्या पायस्टे आणि झिल्जियन झांजा त्यासाठी ध्वनिमुद्रित केल्या. अवनद्ध सर्किटाकडे, घन चिपकडे, अशी ही वाटणी नाट्यशास्त्राच्या वर्गवारीवर रेघ मारून केल्यासारखी नेमकी बसते.

९०९ चं झाकण काढून सर्किटाचा माग घेतला की आणखी दोन गोष्टी हाती लागतात. पहिली, चिपमधून निघालेला हाय-हॅट थेट बाहेर जात नाही. तो आधी व्होल्टेजवर चालणाऱ्या अ‍ॅम्प्लिफायरमधून जातो आणि त्याचं विरणं कपॅसिटर ठरवतो. डीकेचं, म्हणजे विरण्याचं, बटण फिरवलं की चिपला काही कळत नाही, कपॅसिटर रिता होण्याचा वेग तेवढा बदलतो. दुसरी, ज्या स्नेअरला आपण सर्किटातला म्हणतो, त्याची खरखर ट्रान्झिस्टरची नाहीच. ती शिफ्ट रजिस्टरमधून येते. एकामागे एक शून्य-एकाची घरं, प्रत्येक ठोक्याला सगळे आकडे एक घर पुढे सरकतात आणि ठरावीक घरांची हातचा न धरता बेरीज करून पहिल्या घरात टाकली जाते. बघणाऱ्याला त्यात क्रम दिसत नाही, कानाला खरखर ऐकू येते. प्रत्यक्षात सगळं मोजून-मापून चाललेलं असतं. ९०९ च्या स्नेअरला ‘अ‍ॅनालॉग’ म्हणून डोक्यावर घेणाऱ्यांनी हे जरूर बघावं.

या युक्तीचा आवाज आपल्या घरांतही पोचलेला आहे. १९८३ साली जपानात निन्टेन्डोचा फॅमिकॉम आला, आणि त्याच्या नकला पुढे आपल्याकडे टीव्हीला जोडायच्या गेमच्या रूपात आल्या. मारिओच्या गाण्यामागे जो ठेका वाजतो, तो १५ घरांच्या शिफ्ट रजिस्टरचा. त्या चिपला एक आखूड पद्धतही होती, तीत क्रम ९३ पावलांनी परत येई. एवढ्या लवकर परत आला की खरखरीला सूर चिकटतो आणि आवाज पत्र्यासारखा होतो.

मुंबईशी या यंत्रांचं नातं फार लवकर जुळलं. चरणजित सिंग हे हिंदी चित्रपटसंगीतातले वादक. त्यांनी सिंगापूरहून आणलेलं ८०८, त्याचं भावंड टीबी-३०३ आणि ज्युपिटर-८ सिंथेसायझर घेऊन १९८२ साली दहा रागांची एक तबकडी केली. भैरव, ललत, यमन, मालकंस, सगळे डिस्कोच्या ठेक्यावर. तेव्हा ती फारशी विकली गेली नाही. २०१० मध्ये पुन्हा निघाली तेव्हा जग चकित झालं, कारण शिकागोत याच यंत्रांतून अ‍ॅसिड हाउस नावाचं संगीत उभं राहण्याच्या कितीतरी आधी ते इथे वाजून गेलं होतं. ऐकताना माझं लक्ष मात्र झांजेकडे जातं. अमेरिकेतल्या किंवा जपानमधल्या कुणाच्याही तबकडीवर असती तशी ती तीच सहा चौकोनी लाटांची किणकिण आहे, आणि रागाच्या सुरावटीखाली ती कुठेही परकी वाटत नाही. तिला स्वतःचा असा सूर नाही, म्हणून ती कोणत्याही षड्जाशी भांडत नाही. बेसूर असणं हा झांजेचा गुण आहे, आणि तो गुण बनवायला किती बेत लागतो हे ८०८ ने दाखवलं.

आता आजच्या टेबलावर येते. मुलांच्या हातात असतो तो आठ पायांचा मायक्रोकंट्रोलर, एटीटायनी ८५: ८ किलोबाइटची फ्लॅश, ५१२ बाइटची रॅम, अंतर्गत घड्याळ १६ मेगाहर्ट्झपर्यंत. ९०९ सारखे नमुने यात साठवायचे म्हटले तर जागा पुरत नाही. पण ८०८ च्या सहा लाटा साठवाव्या लागत नाहीत, मोजाव्या लागतात. चिपला सांगायचं: सेकंदाला ३२,००० वेळा जागी हो. दर वेळी तिला ५०० आवर्तनांचा वेळ मिळतो, आणि तो भरपूर आहे. १६ बिटांचे सहा गणक ठेवायचे, जागं झालं की प्रत्येकात त्याचा ठरलेला आकडा मिळवायचा. ५४० हर्ट्झसाठी तो आकडा १,१०६ येतो, ८०० साठी १,६३८. गणक ६५,५३६ ला पोचला की आपोआप शून्याकडे वळतो. त्याचा सगळ्यात वरचा बिट बघितला की तीच चौकोनी लाट. सहांचे वरचे बिट मोजायचे, बेरीज एका पायावर सोडायची. ८०८ मध्ये एक इन्व्हर्टरची आयसी, सहा रेझिस्टर, सहा कपॅसिटर आणि दोन प्रीसेट यांचं जे काम, ते एका पायातून निघतं.

शिकवताना यात एक गंमतीची जागा येते. मोजणीच्या वेगाच्या निम्म्याच्या वर, म्हणजे १६,००० हर्ट्झच्या वर, लाटेचे जे स्वरांश जातात, ते नाहीसे होत नाहीत. ते दुमडून खाली येतात आणि भलत्याच ठिकाणी बसतात. बासरी किंवा व्हायोलिनसाठी हा रोग आहे, तो घालवायला मोठे उपाय करावे लागतात. झांजेला मात्र भलत्या ठिकाणचे स्वरांशच हवे असतात. जो दोष सुरेल वाद्यांना मारक, तो घन वाद्याला पोषक ठरतो. मुलांना मी हे कानानेच ऐकवते: वेग कमी करत न्यायचा आणि किणकिण कशी जाड, गंजकी होत जाते ते ऐकायचं.

खरखरीचंही तसंच. शिफ्ट रजिस्टर ८ घरांचं ठेवलं तर २५५ पावलांत क्रम परत येतो, ३२,००० च्या वेगाला सेकंदाला सव्वाशे वेळा, आणि खरखरीऐवजी गुणगुण ऐकू येते. १७ घरांचं केलं की चार सेकंद मिळतात, ठोक्याला ते पुष्कळ झाले. ३२ घरांचं केलं तर तोच क्रम परत यायला ३७ तास लागतात. नापास ट्रान्झिस्टरच्या मागे धावण्याचं कारण उरत नाही, आणि ही खरखर दहा वर्षांनीही तशीच निघते.

एका विद्यार्थिनीने विचारलं होतं, “मॅडम, पण मग पुढचंही सगळं चिपमध्येच का नाही करायचं? विरणंसुद्धा?” करता येतं. तरी मी तिला दोन्ही करून ऐकायला लावलं. चिपने विरवलेली झांज पायऱ्यांनी उतरते. शेवटच्या, सगळ्यात हळू भागात उंचीच्या पायऱ्या संपत येतात आणि जिथे निनाद नाजूक व्हायला हवा तिथेच तो खडबडीत होतो. कपॅसिटरला पायऱ्या नाहीत, तो शेवटपर्यंत उतरत राहतो. दुसरं असं, की ठोके जवळजवळ पडले तर कपॅसिटर पुरता रिता झालेला नसतो. पुढचा ठोका उरलेल्या विजेवर चढतो, म्हणून द्रुत लयीतला हाय-हॅट विलंबितातल्यासारखा वाजत नाही. वाजवणाऱ्याच्या हातातही हेच होतं. आधीच्या आघाताने हलणाऱ्या झांजेवर पुढचा आघात पडतो. हे सगळं चिपला शिकवायला पानभर कोड लागेल, कपॅसिटरला ते स्वभावाने येतं.

म्हणून मी मुलांना जो नियम सांगते, तो माझा नाही, ९०९ चाच आहे: कच्चा माल मोजून घ्या, घडण सर्किटाकडे द्या. आणि कातड्याला चिप लावूच नका. ब्रिज्ड-टीची लाट जिथे फुकट मिळते, तिथे तिची नक्कल कशाला? बाजारातल्या यंत्रांनीही बहुधा हीच वाट धरली आहे. १९९७ च्या जर्मन जोमॉक्स एक्सबेस ०९ मध्ये बास ड्रम आणि स्नेअर सर्किटातले, हाय-हॅट साठवलेला. २०१३ च्या कोर्ग व्होल्का बीट्समध्ये बास ड्रम, स्नेअर, टॉम आणि हाय-हॅट सर्किटातले, आणि क्रॅश साठवलेला. शुद्धतेचा वाद घालणारे हीच यंत्रं आवडीने वाजवतात.

या परंपरेत आपल्या वाट्याचं एक काम अजून पडून आहे, आणि त्याबद्दल मला मनापासून वाटतं. जपानी इंजिनिअरांनी आपल्या कानात होत्या त्या झांजा बनवल्या. आपल्या कानात टाळ आहे. वारीतला काशाचा टाळ ८०८ च्या सिंबलसारखा दाट, विस्कटलेला नसतो. त्याला सूर असतो, आणि जोडीतले दोन्ही भाग तंतोतंत एका सुरात नसल्याने निनादात एक संथ हेलकावा येतो. तो हेलकावा खरखरीतून निघणार नाही, सहा बेसूर लाटांतूनही निघणार नाही. तो मोजून काढावा लागेल, आणि मोजायला आपल्या हातात आता चिप आहे. वर सांगितलेल्या हिशेबात गणकाचा एक आकडा म्हणजे साधारण अर्धा हर्ट्झ. दोन गणकांत बारा आकड्यांचा फरक ठेवला की सेकंदाला सहा हेलकावे. त्यावर दोन-चार वरचे स्वरांश, त्यांचेही तसेच जोडीदार, आणि विरणं मोठ्या कपॅसिटरवर. टाळ दाबून धरल्यावर येणारा बंद आवाज आणि मोकळा सोडल्यावरचा निनाद यांच्यासाठी हाय-हॅटच्या बंद-उघड्याची युक्ती ८०८ मध्ये तयारच आहे.

हे आकडे खरे ठरवायला टाळ वाजवणाऱ्यांकडे जायला हवं, त्यांच्या वेगवेगळ्या जोड्या मायक्रोफोनसमोर वाजवून स्वरांश मोजायला हवेत, आणि सर्किट तयार झाल्यावर त्याच वादकांकडून ते नापास करून घ्यायला हवं. शिंजुकूतल्या अ‍ॅकॉर्डियनवाल्याने त्याच्या साइडमॅनला नापास केलं, म्हणून पुढचं यंत्र झालं. ज्या मुलामुलींना ओपॅम्पही कळतो आणि अभंगाचा ठेकाही, त्यांनी हे काम हाती घ्यावं. माझ्याकडची मोजमापाची साधनं आणि जुन्या यंत्रांच्या सर्किटांच्या आकृत्या त्यांच्यासाठी काढून ठेवलेल्या आहेत.